लेक चार आठवडे परदेशी शिबिरात राहून आली. अशी मैत्री खरंच होते, की नुसती फोटोपुरती?

मोरपीस | ३ सप्टेंबर, रात्री १०:४०

मंडळी, मी इथे बहुतेक वाचनमात्र असते. पण दोन महिने एक विषय डोक्यात घोळतोय, म्हणून हा धागा.

लेक (वय ११) जुलैत डेन्मार्कला सीआयएसव्ही या मुलांची आंतरराष्ट्रीय शिबिरं भरवणाऱ्या संस्थेच्या शिबिराला जाऊन आली. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: या शिबिराला ते लोक 'व्हिलेज' म्हणतात. प्रत्येक देशातून दोन मुली आणि दोन मुलगे, सगळे अकरा वर्षांचे. त्यांच्यासोबत एकच मोठं माणूस, त्याला 'लीडर' म्हणायचं. दहा-बारा देशांची मुलं चार आठवडे एकत्र राहतात. जवळ फोन नाही. आईवडिलांनी हवं तर पत्र लिहावं.

घरात आधी महाभारत झालं. आमच्या आईंचं (सासूबाईंचं) म्हणणं, "जिला अजून वेणी नीट घालता येत नाही तिला सातासमुद्रापार कशाला धाडता?" नवऱ्याचं म्हणणं, एवढ्या पैशात अख्खं घर केरळ फिरून येईल. दोघांचंही चुकीचं नव्हतं.

पहिलं पत्र तीन ओळींचं. "आई, इथे रात्री दहाला पण उजेड असतो. ब्रेड काळा आणि आंबट आहे. मला घरी यायचंय." त्या रात्री मी जेवले नाही, हे इथेच सांगतेय, घरी कुणाला माहीत नाही.

दुसऱ्या पत्रात खिडकीचं भांडण. शाळेच्या वर्गात गाद्या टाकून झोपायचं. शेजारची गादी फिनलंडच्या मुलीची. तिला खिडकी सताड उघडी हवी, आमच्या ठाणेकरणीला त्या गारठ्यात स्वेटर घालूनही हुडहुडी. तीन रात्री एक उघडतेय, दुसरी लावतेय. दोघींचं इंग्रजी बेताचंच, त्यामुळे भांडण बरंचसं हातवाऱ्यांनी. शेवटी तह झाला: खिडकी चार बोटं उघडी. मग प्रश्न आला, कुणाची चार बोटं? फिनलंडवालीची बोटं जाड. त्यावर आणखी एक रात्र गेली. शेवटी दोन बोटं हिची, दोन तिची, अशी शेजारी शेजारी लावून माप घेतलं आणि चौकटीवर चिकटपट्टी मारली.

तिथून पुढच्या पत्रांत त्या मुलीचं नाव प्रत्येक ओळीत.

आता माझा प्रश्न. परत येताना विमानतळावर म्हणे सगळी मुलं हमसून हमसून रडली. पहिले दोन आठवडे मेसेजचा पूर. आता तो ओसरलाय. शाळा सुरू, सहामाही तोंडावर. हे सगळं विरून जाणार का? ज्यांची मुलं (किंवा तुम्ही स्वतः) अशा शिबिरांना गेलात त्यांनी लिहा. आणि हो, हे फक्त पैसेवाल्यांचं खूळ आहे असं वाटत असेल तर तेही लिहा. मलाही अर्धंअर्धं तसं वाटतं.

---

ताकभात | ३ सप्टेंबर, रात्री ११:०५

खिडकीच्या तहाला दंडवत! आमच्या सोसायटीच्या पार्किंग कमिटीत तुमच्या लेकीला घ्या.

---

चष्मेबद्दूर | ३ सप्टेंबर, रात्री ११:५२

ताई, विचारलंतच म्हणून स्पष्ट लिहितो. राग नसावा.

विमानाचं भाडं, व्हिसा, विमा, शिबिराची फी. ज्या मुलाला हे परवडतं त्याचा बाप डेन्मार्कच्या मुलाच्या बापासारखाच जगतो. तोच फोन, तीच गाडी, तेच सिनेमे. संस्कृती वेगळी कुठे आली? आमच्या वाड्यातल्या मुलाला शेजारच्या मोहल्ल्यात कुणी जेवायला पाठवत नाही आणि फिनलंडची मैत्री म्हणे!

दुसरं म्हणजे यात धंदा फार घुसलाय. भाच्याला एका कंपनीने 'आंतरराष्ट्रीय नेतृत्व शिबिर' म्हणून युरोपात नेलं. तिथे पोचल्यावर कळलं, साठातली चोपन्न मुलं भारतातली, त्यातली निम्मी पुण्याची. रोज दुपारी पनीर. एक 'परदेशी' मुलगा भेटला तो स्वयंपाक्याचा. भाचा म्हणतो, त्याच्याशीच काय ती मैत्री झाली.

---

पिंपळपान | ४ सप्टेंबर, सकाळी ८:२०

चष्मेबद्दूर, कंपन्यांबद्दल अगदी सहमत. पण सीआयएसव्ही त्या पंगतीत बसत नाही. मी मुंबईच्या शाखेत काही वर्षं स्वयंसेवक होतो, त्यामुळे थोडं लिहितो.

डोरिस ॲलन या अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. सगळीकडे चर्चा अशी की शांतता हवी तर मोठ्या माणसांना शिक्षण द्या. या बाईंचं म्हणणं उलटं: मोठ्यांचं घडून गेलंय, सुरुवात मुलांपासून करा. १९५१ साली ओहायोतल्या ग्लेनडेल इथे त्यांनी पहिलं व्हिलेज भरवलं. युद्ध संपून सहाच वर्षं झाली होती आणि तिथे जर्मनीची मुलं होती, फ्रान्स आणि नॉर्वेची पण होती. ज्यांच्या घरातली माणसं एकमेकांवर बंदुका रोखून उभी होती, ती पोरं एकाच ताटलीतून खात होती. आज ऐकायला गोड वाटतं, पण त्या आईबापांनी काय काळजाने पाठवलं असेल!

अकराच वर्षं का, हे लोक नेहमी विचारतात. बाईंचा हिशेब असा की अकरा वर्षांचं मूल आपल्या घरचं, देशाचं वळण घेऊन आलेलं असतं, दाखवू शकतं. पण त्याचे पूर्वग्रह अजून पक्के झालेले नसतात. तेराव्या वर्षी तेच मूल आरशासमोर उभं असतं.

लीडर बिनपगारी असतो, वय किमान २१. सोळा-सतरा वर्षांची मुलं 'ज्युनिअर कौन्सिलर' म्हणून येतात, त्यांना सगळे जेसी म्हणतात. ही खरी गंमत आहे. लीडर म्हणजे काका-मावशी, जेसी म्हणजे दादा-ताई. रात्री होमसिक झालेलं पोर लीडरकडे जात नाही, जेसीकडे जातं.

एक अनुभव. प्रत्येक देशाची एक रात्र असते, 'नॅशनल नाइट'. आपले पालक महिनाभर आधीपासून पैठण्या, लेझीम, मोदकांचे साचे असं सगळं बॅगेत कोंबतात. मुलं नाचतात, टाळ्या पडतात, छान होतं. पण त्या रात्रीमुळे कुणाची मैत्री झालेली मी तरी पाहिली नाही. मैत्री होते ती सकाळी संडास-बाथरूम धुण्याच्या पाळीत. गट पाडलेले असतात, त्यात तुमच्या देशाचं दुसरं कुणी नसतं. एकाला फडका मिळतो, दुसऱ्याला बादली, आणि दोघांनाही ते काम नको असतं.

---

ताकभात | ४ सप्टेंबर, सकाळी ९:१५

पालकांनो, वरचा शेवटचा परिच्छेद मोठ्याने वाचा. घरी भांडी घासायला सांगितली की यांचे हात दुखतात आणि त्यासाठी डेन्मार्कला पैसे भरायचे.

---

गोदाकाठ | ४ सप्टेंबर, दुपारी १:३०

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून पिंपळपान यांच्या फडका-बादलीला पुष्टी देण्याचा मोह आवरत नाही.

शिबिर म्हटलं की मैत्री आपोआप होते हा भ्रम आहे. शिबिरात वैरही तितकंच झटपट तयार होतं. १९५४ साली मुझफ्फर शेरीफ या मूळच्या तुर्की संशोधकाने ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथे २२ मुलांचं शिबिर भरवलं. मुलं अकराच्याच आसपास, एकाच देशातली, एकाच धर्माची, एकसारख्या घरांतली. दोन गट पाडले. एकांनी नाव घेतलं 'ईगल्स', दुसऱ्यांनी 'रॅटलर्स'. गटागटांत सामने लावले, बक्षिसं ठेवली. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत, खोल्या उलट्यापालट्या करण्यापर्यंत मजल गेली.

मग त्यांना एकत्र आणायला सिनेमा दाखवला, एकत्र जेवायला बसवलं. काही उपयोग नाही, उलट अन्न फेकाफेकी. फरक पडला तो पाणी बंद झाल्यावर. टाकीचा बिघाड शोधायला दोन्ही गट लागले. मग जेवण आणणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा सामन्यांत रस्सीखेचीला वापरलेलाच दोर बांधून सगळ्यांनी मिळून तो ओढला. (बिघाड अर्थात संशोधकांनीच घडवलेले. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही आणि त्यावर टीकाही भरपूर झाली आहे.)

सांगायचं काय, तर एकत्र बसून सिनेमा बघणं वेगळं आणि एकत्र अडकणं वेगळं.

दुसरं उदाहरण जास्त अवघड आहे. सीड्स ऑफ पीस. जॉन वॉलक या पत्रकाराने हे शिबिर १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात तळ्याकाठी सुरू केलं. पहिल्या वर्षी इस्रायली, पॅलेस्टिनी आणि इजिप्शियन मिळून ४६ मुलं. २००१ पासून भारत आणि पाकिस्तानची मुलंही जाऊ लागली, त्यात आपल्या मुंबईची होती. तिथे पोहणं, खेळ सगळं असतं, पण रोज एक बैठकही असते. तिथे गोड बोलायची सक्ती नाही. फाळणी, काश्मीर, जमीन, मेलेले नातेवाईक, सगळं निघतं. मुलं आरडाओरडा करतात, रडतात आणि नंतर त्याच मुलाच्या शेजारच्या खाटेवर झोपायला जातात.

या शिबिराचा अभ्यास शिकागो विद्यापीठातल्या दोघी संशोधकांनी केला. त्यात दिसलं की दुसऱ्या बाजूचा एक, अगदी एकच जवळचा मित्र झाला तर त्या मुलाची त्या सगळ्या समाजाकडे बघायची नजर जास्त बदलते. आणि तो मित्र कोण होतो? बहुतेक वेळा एकाच खोलीतला, एकाच जेवणाच्या टेबलावरचा किंवा एकाच चर्चागटातला. घरी गेल्यावर हा बदल थोडा ओसरतो, पण पार पुसला जात नाही. मोरपीस, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे असलेलं सगळ्यात जवळचं उत्तर हे आहे.

---

चष्मेबद्दूर | ४ सप्टेंबर, दुपारी ३:१०

अभ्यासपूर्ण प्रतिसाद. पण १९९३ नंतर तिथे शांतता नांदली का हो?

---

गोदाकाठ | ४ सप्टेंबर, सायंकाळी ६:४५

नाही नांदली. ऑक्टोबर २००० मध्ये याच शिबिराला जाऊन आलेला १७ वर्षांचा एक पॅलेस्टिनी मुलगा इस्रायली पोलिसांच्या गोळीने गेला. त्याच्या अंगात शिबिराचा हिरवा टीशर्ट होता. शिबिरातल्या त्याच्या ज्यू मित्रमैत्रिणींनी त्यानंतर काय करायचं, यावर शिबिराकडे उत्तर नव्हतं आणि असायलाच हवं होतं असंही मी म्हणणार नाही. शिबिराला जाणारी मुलं सीमा आखत नाहीत.

पण एक सांगते. याच शिबिरातून पुढे आलेल्या पाकिस्तानी आणि भारतीय तरुणांनी एक पुस्तक केलं. दोन्ही देशांच्या शालेय पुस्तकांतले एकाच घटनेचे उतारे समोरासमोरच्या पानांवर छापले. डावीकडे एक इतिहास, उजवीकडे दुसरा. खाली टिप्पणी नाही. हे मला कुठल्याही मेणबत्ती मोर्चापेक्षा मोलाचं वाटतं.

---

घाटवाट | ४ सप्टेंबर, रात्री ९:३०

स्काउटवाल्यांना विसरलात की काय! पहिली जागतिक जांबोरी (जगभरातल्या स्काउटांचा मेळावा) १९२० साली लंडनच्या ऑलिंपियात, म्हणजे सीआयएसव्हीच्या आधी तीस वर्षं.

जांबोरीत मैत्रीचं चलन म्हणजे बॅज, स्कार्फ आणि वॉगल. वॉगल म्हणजे स्कार्फ गळ्याशी अडकवायची कडी. संध्याकाळी मुलं चटई पसरून रीतसर बाजार मांडतात. "तुझे दोन, माझा एक." भाव पाडणं, हूल देणं, उठून जायचं नाटक करणं. हे सगळं कुठल्याच भाषेत नसतं आणि सगळ्यांना येतं. आमच्या पथकातला सोलापूरचा पोरगा एरवी चार शब्द बोलायचा नाही, तो संध्याकाळी मंडईतल्या व्यापाऱ्यासारखा बसायचा.

आणि सगळं सुरळीत झालं की मैत्री होते असंही नाही. २०२३ ची जांबोरी दक्षिण कोरियात सेमांगुमला होती. उन्हाने मुलं आडवी झाली, ब्रिटनचं साडेचार हजारांचं पथक आणि अमेरिकेचं पथक लवकर निघून गेलं, मग वादळाच्या इशाऱ्यामुळे उरलेला तळ उठवून मुलांना बसमधून हलवावं लागलं. व्यवस्थेचे धिंडवडे निघाले. पण तिथे जाऊन आलेल्या मुलांना विचारा, ती अजून एकमेकांशी बोलतात ती त्या बसमधल्यांशी.

अवांतर: पुणेकरांना तरी माहीत आहे का, की जागतिक गर्ल गाइड संघटनेच्या मोजक्या जागतिक केंद्रांपैकी एक पुण्यात आहे? नाव 'संगम', सुरू झालं १९६६ साली. जगभरातल्या मुली तिथे येऊन राहतात, आसपासच्या संस्थांत काम करतात. परदेशी जायला पैसे नसले तर परदेश इथे येतो.

---

उंबरठा | ५ सप्टेंबर, पहाटे ५:१५ (न्यू जर्सीहून)

इकडची बाजू. अमेरिकेतला नेहमीचा समर कॅम्प, जिथे माझा मुलगा चार वर्षं जातोय, तो मुळात आंतरराष्ट्रीय नाहीच. पण कौन्सिलर म्हणून बाहेरून कॉलेजची मुलं येतात, सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या जे-१ व्हिसावर. माझ्या मुलाला पोहायला शिकवलं पोलंडच्या मुलीने, गाठी मारायला मेक्सिकोच्या मुलाने. घरी आल्यावर तो त्या पोलिश मुलीच्या ढंगात इंग्रजी बोलायचा.

एक खटकलेली गोष्टही लिहिते. इथल्या कित्येक जुन्या कॅम्पांची नावं, गटांची नावं मूळ अमेरिकन जमातींकडून उसनी घेतलेली. पिसं लावून, तोंड रंगवून शेकोटीभोवती नाचायचं, आणि त्या जमातीचं एकही मूल तिथे नाही. आता बरेच ठिकाणी हे बंद होतंय. पण 'दुसऱ्याची संस्कृती' म्हणजे वेशभूषा स्पर्धा, ही सवय अशीच लागते. पिंपळपान यांनी नॅशनल नाइटबद्दल लिहिलंय ते म्हणूनच पटलं.

---

जुनाजाणता | ५ सप्टेंबर, सकाळी ७:००

आमच्या लहानपणी मुलांचा आंतरराष्ट्रीय तळ म्हणजे आर्तेक. काळ्या समुद्राकाठी, क्रायमियात, १९२५ पासूनचा. सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदावर त्याचे फोटो यायचे. निळं पाणी, लाल रुमाल. त्या मासिकांचा कागद आम्ही वह्यांना कव्हर घालायला वापरायचो, त्यामुळे माझी भूगोलाची वही अख्खं वर्ष आर्तेकला होती!

१९८३ मध्ये सामंथा स्मिथ ही अमेरिकन मुलगी तिथे जाऊन राहिली. तिने आधी सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह यांना पत्र लिहून विचारलं होतं, तुम्ही युद्ध करणार आहात का. त्यांनी उत्तर पाठवून बोलावणं धाडलं. सगळा प्रचाराचा मामला होता, दोन्ही बाजूंना ते ठाऊक होतं. पण दहा-अकरा वर्षांच्या पोरीला तळावरच्या मुलींबरोबर पोहताना प्रचार आठवत असेल असं मला वाटत नाही. १९८५ मध्ये विमान अपघातात गेली बिचारी, तेरा वर्षांची. तीही मेनचीच, गोदाकाठ यांनी लिहिलेलं शिबिरही मेनमध्येच. निव्वळ योगायोग.

---

वऱ्हाडी ठेचा | ५ सप्टेंबर, सकाळी ११:२५

चष्मेबद्दूर भाऊ, तुमचं अर्धं बोलणं पटलं म्हणून लिहून राहिलो. परदेशाचंच खूळ कायले?

चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी. १९६७ पासून. मे महिन्यात. मे महिन्यातलं चंद्रपूर म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्यांनी विचारू नये, येऊन पाहावं. सकाळी कुदळ-फावडं, दुपारी व्याख्यानं, रात्री गाणी. मी गेलो तेव्हा माझ्या गटात एक केरळचा पोरगा होता. त्याले हिंदी येत नव्हतं, मले इंग्रजी. तिसऱ्या दिवशी माझ्या हाताले फोड आले, तर त्याने आपल्या लुंगीची पट्टी फाडून बांधून दिली. एवढंच. पंचवीस वर्षं झाली, ओणमच्या दिवशी फोन येतेच. आता त्याले हिंदी येते, मले अजून मल्याळम येत नाही.

अन् परदेशी म्हणाल तर आनंदवनात सुरुवातीच्या काळात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या स्वयंसेवी संस्थेचे गोरे पोरंपोरी येऊन विटा उचलून गेलेत. कुष्ठरोग्यांच्या जवळ गावातले लोक फिरकत नव्हते तेव्हा.

---

चष्मेबद्दूर | ५ सप्टेंबर, दुपारी १२:४०

ठेचा भाऊ, निरुत्तर. पुढच्या मे महिन्यात पोराला सोमनाथला पाठवतो. (स्वतः नाही. ४६ अंशात मी डिंकासारखा वितळेन.)

---

मोरपीस | ५ सप्टेंबर, रात्री ११:१०

सगळ्यांचे आभार. इतकं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. चष्मेबद्दूर, मोहल्ल्याचा मुद्दा लागला. आमच्या इमारतीच्या वॉचमनची मुलगी लेकीच्याच वयाची आहे आणि दोघी कधी खेळलेल्या मला आठवत नाहीत. हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

फडका-बादलीचं मी लेकीला वाचून दाखवलं. म्हणाली, "बरोबर आहे, पण लगोरी राहिली." मग जे सांगितलं ते तिच्या शब्दांत देण्याचा प्रयत्न करते.

पहिल्या आठवड्यात आपल्याकडच्या चौघांनी सगळ्यांना लगोरी शिकवली. ठिकऱ्या नाहीत म्हणून लाकडाचे सात तुकडे, टेनिसचा चेंडू. नियम सांगायला इंग्रजी पुरेना, म्हणून करून दाखवले. खेळता खेळता ही सवयीने अंगठा दाखवून ओरडली, "टॅम्प्लीज!" सगळ्यांना वाटलं हा मराठी शब्द आहे. दोन दिवसांत जेवणाच्या रांगेत ब्राझीलची मुलं टॅम्प्लीज, बाथरूमच्या दाराशी इटलीची मुलं टॅम्प्लीज. त्यांच्या लीडरला शेवटी मीटिंगमध्ये अर्थ विचारावा लागला. हा मुळात 'टाइम प्लीज' आहे हे यांनाही तिथेच कळलं!

मग एका मुलीचा पाय मुरगळला. चार दिवस पळायचं नाही. ती कट्ट्यावर बसून राहायची. तर लेकीने सांगितलं की ही कच्चं लिंबू. म्हणजे खेळायचं, पण आउट व्हायचं नाही. आता 'कच्चं लिंबू' हे इंग्रजीत कसं सांगणार? हिने किचनमधून खरंखुरं लिंबू मागून आणलं आणि तिच्या हातात दिलं. ते हातात आहे तोवर तिला कुणी आउट करायचं नाही. चार दिवस ते लिंबू त्या मुलीकडे होतं. ती बरी झाल्यावर बाकीच्यांनाही लिंबू हवं झालं, आणि दमलेला जो तो ते मागायला लागला.

लिंबाची गोष्ट पत्रात नव्हती, आल्यावरही मला सांगितली नव्हती. "सांगण्यासारखं काय त्यात?" म्हणे.

---

पिंपळपान | ६ सप्टेंबर, सकाळी ८:०५

ताई, ते लिंबू मी पुढच्या वेळच्या लीडरना नक्की सांगणार.

---

मोरपीस | ११ जानेवारी, रात्री ९:५०

धागा वर आणतेय, क्षमस्व.

आज फिनलंडहून पत्र आलं. टपालाने, तिकीट लावलेलं. आत मजकूर चार ओळींचा: बर्फ पडलाय, कुत्रा आजारी होता आता बरा आहे, तू केव्हा येणार. आणि दुसऱ्या कागदावर हात ठेवून पेन्सिलने भोवती रेघ ओढलेली. फक्त दोन बोटांची.

लेकीने आपली दोन बोटं शेजारी ठेवून बघितली. मग मला हाक मारून दाखवली आणि म्हणाली, "बघ, अजून तिचीच जाड आहेत."

आता ती पट्टी घेऊन तिच्या खोलीच्या खिडकीवर माप घेत बसली आहे. सासूबाई ओरडतायत, डास येतील.